खाली ठेव, मग उचलते

आमच्या आजीला कात्री, सुरी, विळीचं पातं, काहीही हातातून हातात दिलेलं चालत नसे. "खाली ठेव, मग मी उचलते," म्हणायची. हातात दिलं की देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं भांडण होतं. रिकामी कात्री वाजवली तरी घरात भांडण. आमच्या घरात भांडणं भरपूर व्हायची, त्यामुळे कुणीतरी लपूनछपून कात्र्या वाजवत असणार, अशी लहानपणी माझी खात्री होती.

पंचेचाळिशीला मला सुऱ्यांचा नाद लागला. बायका साड्या घेतात तशा मी सुऱ्या घेते. स्वयंपाकाच्याच, पण कुणीतरी एकेक करून हातानं घडवलेल्या. सध्या चौदा आहेत. टोमॅटो मात्र अजूनही प्लॅस्टिकच्या मुठीच्या, तीस रुपयांच्या दातेरी सुरीनंच कापला जातो, कारण बाकीच्या 'चांगल्या' आहेत. यावर नवऱ्याचं जे मत आहे ते इथे देत नाही.

पुण्यात असे दहाबारा जण आहोत. काही बनवणारे, काही माझ्यासारखे नुसते जमवणारे. महिन्यातल्या एका रविवारी भोसरीला काकांच्या शेडमध्ये जमतो. काकांचा जन्म टूलरूममध्ये गेला. निवृत्तीनंतर शेडमध्ये एक छोटी भट्टी, ऐरण आणि पट्ट्याचा ग्राइंडर मांडून बसलेत. चहा येतो, क्रीमरोल येतात, टेबलावर जुनं धोतर अंथरून सुऱ्या मांडल्या जातात. मग आम्ही भांडतो.

भांडायला विषय उदंड. साधं पोलाद की स्टेनलेस? साध्याला धार सुरेख येते, पण कांदा-लिंबू लागलं की ते निळंकाळं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम निदान साडेदहा टक्के, म्हणून ते आळशी माणसाला बरं. (मी स्टेनलेसवाली आहे.) किंमत किती असावी, यावरचा वाद मी सोडून देते, तो कधीच सुरीबद्दल नसतो. पण 'दमास्कस' हा शब्द कुणी काढला की शेडमध्ये सरळ दोन तट पडतात. हल्ली दमास्कस म्हणून जे लाटालाटांचं पातं मिळतं, त्यात दोन जातींच्या पोलादांचे थर एकावर एक रचून, तापवून, ठोकून एकजीव केलेले असतात. एकात निकेल असतं, ते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उजळ राहतं. दुसरं काळवंडतं. हे द्रावण सर्किट बोर्डवाले वापरतात तेच. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, आणि हातावर सांडलं तर माणूस कुणाच्या तरी हळदीला जाऊन आल्यासारखा दिसतो. जुनं दमास्कस निराळं. ते आपल्या दक्षिणेतल्या मुशीतल्या पोलादाचं, म्हणजे वूट्झचं. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत ते तयार होई आणि तिथून पार इराणकडे जाई. त्याची नक्षी पोलादाच्या पोटातूनच उमटलेली, थरांची नव्हे. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानंसुद्धा विजेवरच्या मोठ्या कामाच्या आधी या पोलादापायी डोकं शिणवलं होतं.

एक तट म्हणतो, थरांच्या पात्याला ते नाव देणं ही शुद्ध फसवणूक. दुसरा म्हणतो, बिल मोरन नावाच्या सुऱ्या घडवणाऱ्या लोहारानं १९७३ साली अमेरिकेतल्या प्रदर्शनात अशी पाती मांडली, तेव्हापासून सगळं जग त्यांना दमास्कसच म्हणतंय, आता कुणाकुणाचं तोंड धरणार? एकदा हा वाद तासभर चालला. शेवटी काका म्हणाले, "मस्तानीत मस्तानी असते का? पिता ना?" तेवढ्यापुरतं सगळे हसले. पुढच्या रविवारी वाद पहिल्यापासून सुरू.

याच मोरननं पुढं १९७६मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली. तिथं दर्जा मिळवायचा तर घडवलेल्या सुरीनं एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडावा लागतो. मग जाड फळी दोनदा तोडायची, आणि एवढं झाल्यावर त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत. सरतेशेवटी पातं शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून काटकोनात वाकवायचं, मोडता कामा नये. परीक्षेत पास झालेली सुरी कायमची वाया जाते. काकांना ही पद्धत फार आवडते. "तिथं दोर बोलतो," असं ते म्हणतात. आमच्याकडे आम्हीच बोलतो.

आणि मी जरा जास्तच बोलले.

आमच्यात एक पोरगा आहे. हिंजवडीला नोकरी, आणि रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुऱ्या घासणं. (त्यावरून सोसायटीत लागलेल्या सूचना हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. 'पार्किंग हा लोहाराचा भाता नव्हे' ही त्यातली सगळ्यात सौम्य.) त्यानं एका रविवारी पहिलीच सुरी आणली. शिसवीची मूठ, पितळी रिव्हेट, पातळ, देखणं पातं. पोलादाची पट्टी विकत आणून ग्राइंडरवर आकार दिलेला. हार्डनिंग, म्हणजे तापवून, बुडवून पातं कडक करणं, ज्याला पाणी देणं म्हणतात, ते बाहेरून, एमआयडीसीतल्या एका भट्टीवाल्याकडून. मी तेव्हा नुकतंच बरंच काही वाचलेलं. ऐरणीवर घडवलेली सुरी हीच काय ती हातची, बाकी सगळी कटिंग, असं माझं तीन आठवडे जुनं आणि म्हणून फारच पक्कं मत होतं. मी सुरी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. पण ही तू केलीस कुठं? ठोकली कारखान्यानं, पाणी दिलं भट्टीवाल्यानं. तू नुसती घासलीस."

सगळे हसले. वाक्य जमलंच होतं तसं. पोरानं सुरी परत घेतली, फडक्यात गुंडाळली, क्रीमरोल अर्धा टाकला आणि गेला. पुढचे तीन रविवार आला नाही.

त्यातल्याच एका रविवारी काकांनी मला ग्राइंडरशी उभं केलं. एक कडक केलेलं पातं हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, घासा बघू थोडं." पट्ट्यावर धरलं. ठिणग्या बघण्यात दोन सेकंद जास्त गेले असतील. टोकापाशी धार आधी गवती पिवळी झाली, मग जांभळट, मग चक्क निळी. मोरपिशी, खरं तर सुंदरच. "गेलं पाणी," काका म्हणाले. तीनशे अंशांच्या आसपास निळा रंग येतो, आणि तिथवर पोचलेली पातळ धार मऊ पडते. काकांनी पॉलिश पेपरनं निळा डाग पुसून दाखवला. पातं लख्ख. पण दुसऱ्याच दिवशी धार मरणार. ते म्हणाले, एवढा भाग घासून काढून टाकायचा, नाहीतर पुन्हा भट्टीत घालून पहिल्यापासून पाणी द्यायचं. म्हणून ते स्वतः शेवटची घासणी उघड्या हातानं करतात. बोटाला चटका बसला की पातं बादलीत. प्रत्येक फेरीला बादली.

पाणी देणं, पाणीदार, पाणउतारा. हे शब्द मी जन्मभर वापरत आलेय. पोलादापाशी उभं राहून कधी ऐकले नव्हते, इतकंच.

काकांनी त्या पोराचं नावसुद्धा काढलं नाही. त्यानं जास्त लागलं.

घरी आल्यावर आणखी एक फजिती. माझ्या चौदांतली लाडकी, सगळ्यात महाग सुरी जपानी आहे, ओसाकाजवळच्या साकाईची. तिच्यासोबत आलेला कागद मी पहिल्यांदाच नीट वाचला. साकाईत पातं घडवणारा लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा तिसरा. पूर्वापार तीच रीत. इंग्लंडातल्या शेफील्डलाही ठोकणारे आणि घासणारे निराळेच होते. आपल्याकडे तरी काय, लोहारानं घडवायचं आणि शिकलगारानं धार-पॉलिश करायचं. म्हणजे मी पोराला 'नुसती घासलीस' म्हटलं, आणि साकाईतल्या नुसतं घासणाऱ्याला मात्र चांगले पैसे मोजून आले होते.

फोन केला. तो म्हणाला, "अहो काकू, त्यात काय एवढं." पुण्यात या वाक्याचा अर्थ त्यात पुष्कळ काही आहे असा होतो. मग प्रत्यक्ष गेले. जाताना आजीची विळी घेऊन गेले. पाट तडकलाय, खवणीचे दाते झिजलेत, पण पातं शाबूत. त्या पात्याची मला एक सुरी करून दे, असं सांगणार होते. माफी मागायची ही माझी पद्धत, समोरच्याला काम देऊन.

त्यानं पातं उलटसुलट पाहिलं. ग्राइंडरला कडेला निसटतं टेकवलं. ठिणग्या लांब, सरळ, लालसर उडाल्या. एक कोपरा कापून तो तुकडा गॅसच्या टॉर्चवर लालभडक केला, तेलात बुडवला, कानस लावून पाहिली. कानस लोण्यात चालावी तशी चालली. तो काही वेळ गप्प राहिला.

"काकू, स्पष्ट बोलू का?"

"बोल की."

"हे पोलाद नाहीये. कार्बन जवळजवळ नाहीच. सुरीला निदान ०.६ टक्के तरी लागतो, तेव्हा ठिणग्यांना फुलं फुटतात. तुम्ही ऐकलं ना, कानस कशी चालली? याला पाणी बसणार नाही. मी सुरी करून देईन, दिसेल छान, पण ती खोटी होईल."

मला रागच आला. आजी त्याच विळीवर फणस चिरायची, नारळ सोलायची. पन्नास वर्षं. ते सगळं मी त्याला सांगितलं, जरा चढ्या आवाजात. त्यानं ऐकून घेतलं. मधे तोंड घातलं नाही, आणि मत बदललंही नाही.

"चिरत असणारच," तो म्हणाला. "रोज धार लावत असतील."

त्यानं पातं माझ्या हातात दिलं नाही. टेबलावर ठेवलं, मागची बाजू माझ्याकडे करून, आणि हात मागे घेतला. मी उचललं.

"कशावर लावायच्या धार?" त्यानं विचारलं.

आठवायला थोडा वेळ लागला. "मागच्या दारच्या पायरीवर. दगडाची होती. मधोमध खळगा पडला होता, पावसात त्यात पाणी साचायचं."