एम-११२१३ अखेर शून्यावर आला

मंडळी, काल रात्री पावणेदोनला पडद्यावर ‘बाकी ०’ उमटलं. एम-११२१३ म्हणजे २^११२१३ − १. ती मूळ आहे का, हे माझा प्रोग्रॅम लुकास-लेहमर चाचणीने तपासतो: ४ पासून सुरुवात, दर फेरीत वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि त्या संख्येने भागून बाकी पुढे न्यायची. शेवटी बाकी ० तर मूळ. सोळा दिवस तो तिला विभाज्य म्हणत होता. आता, गणितज्ञ गिलिझ यांनी १९६३ सालीच इलियाक-२ या संगणकावर ही संख्या मूळ ठरवली आणि इलिनॉय विद्यापीठाच्या गणित विभागाने ती टपालाच्या शिक्क्यावर मिरवली. म्हणजे चूक कोणाची, हे उघडच होतं.

चीड याची, की एम-९९४१ पर्यंत सगळं चोख. गेल्या वेळी लिहिलं होतं तसा माझा संशय हातच्यांवर होता. दोन रविवार खाऊन हातचे निर्दोष सुटले. मग शाळेतला नऊचा ताळा आठवला! संख्येचे मी तुकडे, म्हणजे ‘शब्द’, करतो ते २० बिटांचे, तेव्हा इथलं ‘नऊ’ म्हणजे २^२० − १. शब्दांची नुसती बेरीज करायची, तिचा वर्ग करायचा आणि घडी घालण्याआधी (वरचा भाग खालच्यात मिळवून बाकी काढण्याआधी) गुणाकाराच्या बेरजेशी ताडायचा. २१३ फेऱ्या ताळा जुळला. २१४ व्या फेरीत फरक पडला, नेमका १ चा. गुणाकारातला एकच सहगुणक चुकीच्या बाजूच्या पूर्णांकावर गेला होता.

९९४१ चे शब्द ४९८, त्यांचा वर्ग १०२४ लांबीच्या एफएफटीत (फूरिये रूपांतराने जलद गुणाकार) मावतो. ११२१३ चे ५६१, की लांबी थेट २०४८. ट्विडल, म्हणजे एफएफटीत लागणारे साइन-कोसाइनचे गुणक, मी आधीच्याला गुणून पुढचा असे काढत होतो. लांबी वाढली तशी चूक साचली. आता प्रत्येक साइन-कोसाइन स्वतंत्र काढतो. ०.५ ला टेकलेला राउंडऑफ (उत्तराचं जवळच्या पूर्णांकापासूनचं अंतर) ०.१२ वर आला आणि ११,२११ फेऱ्या दीड सेकंदात संपल्या. २८१४११२०१३६९... असे ३,३७६ अंक दोनदा छापून बघितले, उगाचच.

एफएफटीडब्ल्यू ही एफएफटीची तयार लायब्ररी लावली असती तर अर्ध्या तासात सुटलो असतो, ठाऊक आहे. पण मग करायचं काय संध्याकाळी?

पुढे १९९३७, म्हणजे २^१९९३७ − १. त्याचे ९९७ शब्द, लांबी तीच २०४८, म्हणून फुकटात मिळेल. नाही, थांबा. निम्मी लांबी मी शून्यांनी भरतोय आणि वरचा भाग शेवटी खालच्यात मिळवतोच आहे. क्रँडल-फॅगिनची १९९४ ची भारित पद्धत (शब्दांना आधी वजनं लावून, शून्यांची भर न घालता एफएफटी) घेतली तर १०२४ मध्येच भागेल. पण तिथे घडी आपोआप आधीच पडते, मग माझा ताळा लागणार नाही. १९९३७ राहू दे. आधी ११२१३ च परत, भारित पद्धतीने, जुना प्रोग्रॅम शेजारी चालू ठेवून.