अगं, गोल झालाय आपला

११ जुलै २०२४

काल युरो कपच्या सेमीफायनलमध्ये इंग्लंडचा गोल झाला तेव्हा दादा सोफ्यावरून उडालाच, आणि मी फोन हातात धरून तशीच बसले होते. "अगं, गोल झालाय आपला!" तो म्हणाला. एवढंच. सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

फोनवर ग्रुपसाठी मेसेज अर्धा लिहून झाला होता. "केनला काढलं? संपली मॅच. या माणसात हिंमत कधी". पुढचा "नव्हतीच" हा शब्द तेवढा राहिला होता. केन आपला कॅप्टन, आणि हा माणूस म्हणजे आपला कोच साउथगेट. तेवढ्यात पाल्मरने पास दिला, नेदरलँड्सचा डी व्राय पाठीला चिकटलेला असताना वॉटकिन्स गर्रकन वळला आणि त्या अवघड कोनातून बॉल पलीकडच्या कोपऱ्यात गेला. नव्वदावं मिनिट. नेदरलँड्स १, इंग्लंड २. फायनल. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आनंद नाही. आता साउथगेटचं बरोबर होतं असं म्हणावं लागणार, हे आलं. क्षणभरच, पण आधी तेच.

वॉटकिन्सला खेळवा म्हणून गेले तीन आठवडे मीच ओरडत होते. डेन्मार्कविरुद्ध शेवटची वीसेक मिनिटं दिली आणि परत बेंचवर बसवला. लोणचं घालायचंय का त्याचं, असं मीच लिहिलं होतं. काल एक्क्याऐंशीव्या मिनिटाला त्याला आणि पाल्मरला आणलं, केन आणि फोडेनला काढलं. म्हणजे मी मागत होते तेच केलं. तर मी केनला का काढलं म्हणून चिडले. मग मला नेमकं हवं तरी काय होतं?

माझा राग खोटा नव्हता, हे मात्र इथे लिहून ठेवते. स्लोव्हाकियाविरुद्ध एका गोलने मागे असताना टोनीला आणला तो चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला. बेलिंगहॅमने ती उलटी किक मारली नसती तर आपण तिथेच घरी होतो. स्वित्झर्लंडविरुद्ध एम्बोलोने पंचाहत्तराव्या मिनिटाला गोल केला, तोवर एकही बदल नाही, आणि मग एकदम तिघं. आग लागल्यावर विहीर खणायची. २०२१ची इटलीविरुद्धची युरो फायनलही तशीच. दुसऱ्याच मिनिटाला शॉचा गोल, आणि नंतर सगळी टीम हळूहळू आपल्याच गोलकडे सरकत गेली. बोनुच्चीने बरोबरी साधली तेव्हा कुठे पहिला बदल झाला. रॅशफर्ड आणि सांचोला आणलं ते एकशे विसाव्या मिनिटाला, फक्त पेनल्टीसाठी. दोघांच्याही हुकल्या. शेवटची एकोणीस वर्षांच्या साकाने घेतली. त्याचा तो चेहरा आठवला की आजही पोटात कालवतं.

हे सगळं खरं आहे. हरण्यापेक्षा हे जास्त लागतं मला, की एवढी चांगली पोरं हाताशी असून ती काय करू शकतात हे कळायच्या आतच मॅच संपते. रात्र रात्र जागायचं, आणि जागायचं ते बॉल मागे, बाजूला, परत मागे जाताना बघायला. कोणाला सांगावं हे? स्नेहाशी त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

पण खरं असलं म्हणून काल रात्रीचा तो एक क्षण बरोबर ठरत नाही.

कोलोनमध्ये स्लोव्हेनियाशी शून्य-शून्य झाल्यावर साउथगेट प्रेक्षकांकडे टाळ्या वाजवत गेला आणि लोकांनी प्लास्टिकचे ग्लास फेकले. ग्लास त्याच्या जवळ येऊन पडले, तरी तो टाळ्या वाजवतच राहिला. त्या रात्री मी ग्रुपवर जे लिहिलं ते अजून तिथेच आहे. त्यात "भित्रा" हा शब्द तीनदा आहे, आज मोजला. १९९६च्या सेमीफायनलला, लंडनच्या जुन्या वेम्बली स्टेडियमवर, स्वतःची पेनल्टी हुकलेला माणूस आहे तो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे मला कळत नाही असं नाही. मला ते त्या शब्दाच्या आड दिसेनासं होतं. एकदा भित्रा म्हटलं की पुढची प्रत्येक मॅच मी त्याचा पुरावा शोधायलाच बघते. काल पुरावा मिळाला नाही, तर चक्क हिरमुसले. आपली टीम फायनलला गेली असताना.

दादाने सकाळी विषय काढला नाही. चहा ठेवताना फक्त "काय फिरला गं तो!" म्हणाला. मी हो म्हटलं, आणि मग आम्ही दोघांनी तो गोल फोनवर चार वेळा बघितला. चौथ्या वेळेला मी ओरडले. पाल्मरने पास द्यायच्या आधी मान वर करून बघितलं होतं, ते तेव्हा दिसलं.

तो अर्धा मेसेज एकेक अक्षर करून पुसला. कोलोनच्या रात्रीचा आता पुसता येत नाही, सगळ्यांनी वाचलाय.

रविवारी बर्लिनला स्पेन. ते मागे बसून जिंकू देणार नाहीत, यमाल आणि विल्यम्स दोन्ही बाजूंनी येणार. पाल्मर साठाव्या मिनिटापर्यंत आला पाहिजे, सत्तराव्या नाही. हे मी ओरडून सांगणारच आहे. फोन तेवढा आत ठेवीन.