चॅपलफील्ड्सच्या मोठ्या खिडक्या

कॉव्हेंट्रीत चॅपलफील्ड्स नावाचा भाग आहे. मी राहतो तिथून चालत दहा मिनिटांवर. लाल विटांची, एकमेकांना खेटून उभी असलेली जुनी घरं. पुढून पाहिलं तर इंग्लंडातल्या कुठल्याही गल्लीसारखीच. पण मागच्या बोळातून गेलं की वेगळंच दिसतं. वरच्या मजल्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रुंदच्या रुंद खिडक्या. थंडीच्या देशात भिंतीत एवढी काच कोण बसवेल, असं पहिल्या वर्षी वाटायचं. मग शेजारच्या आजींनी सांगितलं, "तिथे घड्याळवाले बसायचे. त्यांना उजेड लागायचा."

त्या दिवसापासून मला या विषयाने धरलंय ते सोडलेलं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचं लेथचं, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप होतं, त्यामुळे कारागिराची खिडकी म्हणजे काय ते मला समजतं. आमच्याकडेही चांगला टर्नर उजेडाच्या बाजूचीच मशीन मागायचा.

१८०० च्या आसपास जगातली जवळजवळ निम्मी घड्याळं ब्रिटनमध्ये बनत होती असं सांगतात. लंडनचं क्लार्कनवेल, लँकाशायरमधलं प्रेस्कॉट आणि आमचं कॉव्हेंट्री ही मोठी ठाणी. एक माणूस अख्खं घड्याळ करायचा नाही. एका घरात चाकांना दाते पाडायचे, दुसऱ्या घरात तबकडी, तिसऱ्यात काटे, चौथ्यात घड्याळाची बाहेरची केस. आणि पोरं हातात डबे घेऊन हे सुटे भाग या घरातून त्या घरात पोचवायची. इंग्लिश घड्याळात फ्युझी नावाचा शंकूच्या आकाराचा भाग असायचा आणि त्यावर एक बारीक साखळी गुंडाळलेली. स्प्रिंग पूर्ण भरलेली असते तेव्हा जोरात ओढते आणि सैल होत गेली की मंद. हा फरक तो शंकू आणि ती साखळी मिळून भरून काढायचे. आपल्या सायकलच्या चेनचंच रूप, पण घोड्याच्या केसाएवढं. डॉर्सेटमधल्या क्राइस्टचर्च गावात बायका आणि लहान मुली बसून ती साखळी जोडायच्या. त्या डोळ्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार संग्रहालयात ती साखळी भिंगाखाली पाहताना मनातून जाईना.

फ्युझीमुळे घड्याळ वेळ छान दाखवायचं, पण जाड व्हायचं आणि महागही. स्विस लोकांनी ती काढून टाकली आणि पातळ, स्वस्त घड्याळं केली. अमेरिकेत वॉल्थमच्या कारखान्यात एकसारखे सुटे भाग यंत्रावर निघायला लागले. इंग्लिश कारागीर म्हणत राहिले की आमचं काम हाताचं आहे, आमची सर त्याला येणार नाही. कामाच्या दर्जाबद्दल त्यांचं बरोबर होतं. बाजाराबद्दल चुकलं.

कॉव्हेंट्रीतल्या बेकार झालेल्या हातांना काम दिलं ते आधी शिलाई मशीनने आणि मग सायकलने. १८८५ मध्ये इथेच जॉन केम्प स्टार्लीने रोव्हर सेफ्टी सायकल काढली. आज आपण चालवतो त्या सायकलचा आराखडा तोच. मग डेमलर आली, मोटारी आल्या. मी आज ज्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात पगार घेतो, त्याची मुळं त्या मोठ्या खिडक्यांपर्यंत जातात. घरच्यांना फोनवर हे सांगताना मला फार बरं वाटतं, कारण उद्यमनगराची गोष्टही अशीच आहे. एका कामाचं कसब दुसऱ्या कामाला जन्म देतं.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. विसाव्या शतकात स्मिथ्स कंपनीने चेल्टनहॅमजवळ पुन्हा चांगली घड्याळं बनवली. १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरींच्या मनगटावर स्मिथ्स होतं. ते लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या क्लॉकमेकर्स म्युझियममध्ये ठेवलंय. लंडनला आलात तर जरूर पाहा, तिकीट नाही. रोलेक्ससुद्धा १९०५ मध्ये लंडनला सुरू झालेली आणि पहिल्या महायुद्धानंतर करांना कंटाळून स्वित्झर्लंडला गेलेली. नंतर बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आलं आणि उरलंसुरलं मोडलं. २०२१ मध्ये हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेने लोप पावत चाललेल्या हस्तकलांच्या यादीत घड्याळ घडवण्याची कला 'अतिशय धोक्यात' या रकान्यात टाकली. ज्या देशात घड्याळजींच्या संघाला १६३१ साली राजाची सनद मिळाली, त्या देशात.

आणि तरीही ९ मार्च २०२४ ला सकाळी मी लंडनच्या लिंडली हॉलबाहेर रांगेत उभा होतो. ब्रिटिश घड्याळवाल्यांचा पहिलाच मेळावा. तिकिटं कधीच संपली होती. आत चाळीसएक कंपन्यांची टेबलं, बहुतेक ठिकाणी टेबलामागे मालक स्वतः उभा. दुकानातल्या काचेमागचा विक्रेता आणि स्वतः उभा राहिलेला मालक यांच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक स्क्रू असा का, हे विचारलं तर मालक दहा मिनिटं सांगतो.

फीअर्सचंच घ्या. १८४६ मध्ये ब्रिस्टलला सुरू झालेली कंपनी १९७६ मध्ये बंद पडली. संस्थापकाच्या पाचव्या पिढीतल्या वंशजाने, निकोलस बोमन-स्कारगिलने, २०१६ मध्ये ती पुन्हा उभी केली. स्टुडिओ अंडरडॉगने कलिंगडाच्या रंगांची तबकडी काढली, वर काळ्या बियांसारखे ठिपके. ते घड्याळ हातात घेतलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हसू यायचं. ख्रिस्तोफर वॉर्डचं बेल कान्तो दर तासाला एक बारीक टोल देतं. २०२३ मध्ये त्याला जिनिव्हाच्या मोठ्या स्पर्धेत बक्षीस मिळालं.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो ते मात्र ग्लासगोच्या अनऑर्डेनच्या टेबलापाशी. त्यांच्या तबकड्या मीनाकारीच्या. धातूच्या पातळ चकतीवर काचेची भुकटी चाळणीतून चाळायची, आठशे अंशांच्या आसपास भट्टीत घालायची, काढायची, थंड करायची, पुन्हा चाळायची. थरावर थर. कुठल्याही फेरीला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेला की आधीची सगळी मेहनत वाया. ही कला त्यांना आयती मिळाली नाही. भट्टीसमोर चुका करत करत ते शिकले. मी निळी तबकडी हातात घेऊन दिव्याखाली तिरकी केली. रंग वरून लावलेला वाटत नव्हता. विहिरीत वाकून पाहावं तसा आत खोल गेलेला होता.

आता मला खटकणारी गोष्टही सांगायलाच हवी, कारण या विषयावर मनापासून बोलायचं तर ती झाकून चालणार नाही. यातल्या बहुतेक घड्याळांच्या पोटातलं यंत्र ब्रिटिश नाही. अनऑर्डेनचं यंत्र स्वित्झर्लंडचं. त्या कलिंगडाच्या घड्याळात चिनी. ख्रिस्तोफर वॉर्ड आखते इंग्लंडात आणि जोडते स्वित्झर्लंडमध्ये. स्विस लोकांनी 'स्विस मेड' लिहिण्याचा कायदा केलाय. यंत्र स्विस हवं, जोडणी तिथली हवी, खर्चातला किमान ६० टक्के तिथला हवा. इथे घड्याळांसाठी तसा कायदा नाही, म्हणून सगळा भार कंपनीच्या प्रामाणिकपणावर. मी ज्यांच्याशी बोललो त्यांनी विचारल्यावर काहीही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगतो. पण घड्याळं विकणं या देशात परत आलंय आणि घड्याळं घडवणं अजून यायचंय, हे मला त्या हॉलमध्ये लख्ख दिसलं. विक्री आली म्हणून मी खूश आहे. पैसा आला की माणूस शिकाऊ पोरगा ठेवू शकतो. हेन्लीच्या ब्रेमाँटने २०२१ मध्ये कारखाना बांधला, तिथे सुटे भाग कापले जातात. नॉर्फोकची गॅरिक कंपनी मोजकीच घड्याळं करते आणि त्यातलं शक्य तेवढं घरात करते. वाट तीच आहे, फक्त लांब आहे.

घडवण्याची गोष्ट निघाली की जॉर्ज डॅनियल्स हे नाव घ्यावंच लागतं. १९२६ चा जन्म, लंडनचं गरीब घर, चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि गाद्यांच्या कारखान्यात नोकरी. या माणसाने पुढे एकट्याने, स्वतःच्या हाताने, अख्खी घड्याळं घडवली. घड्याळ करायला ३४ वेगवेगळी कसबं लागतात असं धरतात. त्यांना त्यातली ३२ येत. स्प्रिंगची ताकद थोडी थोडी करून सोडणारं जे फाटक असतं, एस्केपमेंट, ते त्यांनी नव्याने आखलं. दात्यांची घासाघीस कमी, म्हणून तेलावरचं अवलंबनही कमी. वर्षानुवर्षं ते घेऊन स्विस कंपन्यांची दारं ठोठावली. अखेर १९९९ मध्ये ओमेगाने ते बाजारात आणलं.

आणि त्यांचा शिष्य रॉजर स्मिथ. बोल्टनचा मुलगा, मँचेस्टरला घड्याळाचं काम शिकलेला. डॅनियल्सचं पुस्तक समोर ठेवून त्याने दीडएक वर्ष राबून खिशातलं घड्याळ बनवलं आणि आइल ऑफ मॅन बेटावर त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी पाहिलं आणि परत पाठवलं. का? तर ते हाताने केल्यासारखं दिसतंय. मला हे वाचून अण्णा आठवले. जॉब, म्हणजे कातलेला भाग, खिडकीकडे धरायचे, फिरवायचे, आणि हत्याराची एक रेघ दिसली तर काही न बोलता भंगाराच्या डब्यात. हाताचं काम असं हवं की हात दिसता कामा नये. स्मिथने पुन्हा सुरुवात केली. पाच वर्षं. मध्येच मागे जाऊन केलेलं मोडायचं, पुन्हा करायचं. दुसरं घड्याळ घेऊन गेला तेव्हा डॅनियल्सनी एकेक भाग दाखवून विचारलं, हा कोणी केला, हा कोणी केला. प्रत्येकाला उत्तर एकच, मी. मग ते म्हणाले की आता तू घड्याळजी झालास. ते दुसरं घड्याळ २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४९ लाख डॉलरला गेलं.

स्मिथ आजही त्याच बेटावर काम करतो आणि त्याचं वर्कशॉप वर्षाला वीसपेक्षा कमी घड्याळं करतं. (ते बेट कायद्याने युनायटेड किंगडममध्ये मोडत नाही, पण इथल्या घड्याळवाल्यांना त्याचं काही वाटत नाही, मलाही नाही.) २०२० मध्ये ब्रिटिश घड्याळवाल्यांची संघटना उभी राहिली तीही त्याच्या पुढाकाराने. डॅनियल्स २०११ मध्ये गेले. त्यांच्या पैशातून उभा राहिलेला ट्रस्ट घड्याळकाम शिकणाऱ्या मुलांना मदत करतो. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये व्हिटोरिया स्ट्रीटवर विद्यापीठाची शाळा आहे, तिथे या विषयात पदवी घेता येते. मला विचाराल तर पुनरुज्जीवन मोजायचं तर त्या वर्गातल्या बाकांवरून मोजावं.

गेल्या हिवाळ्यापासून मी दर शनिवारी एका निवृत्त घड्याळजींकडे जातो. अण्णांचं एचएमटी जनता सोबत आणलं होतं, ते बंद पडलेलं. त्यांनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की यातलं लीव्हर एस्केपमेंट लंडनच्या थॉमस मज या घड्याळजीचं, १७५५ च्या सुमाराचं. बंगळूरला बनलेल्या, कोल्हापुरात चाळीस वर्षं वंगणाच्या वासात राहिलेल्या घड्याळात मजचं डोकं टिकटिकत आलं होतं. मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

बिघाड म्हणजे बॅलन्स व्हीलच्या, मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, दांडीचं टोक झिजलंय. नवा भाग मागवता येतो. पण त्यांनी विचारलं, करून बघणार? त्यांचा लेथ टेबलावर मावतो, एका हाताने उचलता येतो. त्याला टूल पोस्ट, म्हणजे हत्यार पकडून ठेवणारा भाग, नाही. ग्रेव्हर नावाचं हत्यार हातात धरायचं, टेकूवर टेकवायचं आणि फिरत्या पोलादाला नुसता स्पर्श करायचा. किती दाबायचं हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. टोकाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. तीन शनिवारांत माझी चार टोकं तुटली. तुटताना आवाजही होत नाही. भिंगात दिसत असलेली दांडी एकदम आखूड झालेली असते. ते तुटलेलं टोक शोधायचंसुद्धा नाही, असं ते म्हणतात, नवा गज लावायचा. माझ्या शेजारच्या बाकावर बर्मिंगहॅमच्या शाळेतली एकोणीस वर्षांची मुलगी बसते. तिचं टोक पहिल्या महिन्यातच जमलं. माझं पाचवं आता निम्म्यावर आलंय.

परवा अण्णांना व्हिडिओ कॉलवर तो लेथ दाखवला. ऐंशीला आले आहेत, ऐकू कमी येतं, पण मशीन दिसली की चष्मा लावून पुढे सरकतात.

"टोक केवढं?"

"पॉइंट एक, अण्णा. एक दशांश मिलिमीटर."

"टूल हातात धरून?"

"हो, हातातच."

बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"मग धार कशावर लावतोस?"