नऊ भरायला

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारच्या खो-खोवरून आमच्याकडे अजून वाद चालू आहे. एक सहकारी माझ्या बाजूने, दुसरा विरुद्ध, माझी एकेकाळची सहखेळाडू फोनवर तावातावाने भांडते, आणि एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी माझ्याशी बोलणंच बंद केलंय. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते.

मी पंचवटीत, पेठ रोडच्या अंगाला, वस्तीतल्या मुलांना खेळवते. खेळाच्या आधाराने मुलांचं एकमेकांशी वागणं बदलावं, पोरींना मैदान मिळावं, असं आमच्या कामाचं वर्णन छापील पत्रकात आहे. प्रत्यक्षात निम्मी शक्ती मैदान राखण्यात जाते. आज कोणी टेम्पो लावून ठेवतो, उद्या हळदीचा मांडव पडतो, परवा कोणाच्या तरी घराची वाळू येऊन पडते. ती हलवायची, खडे वेचायचे, आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, मग रेघा आखायला फक्की, म्हणजे पांढरी पूड. खो-खो निवडला तो याच हिशेबाने: चेंडू नको, बूट नकोत, दोन खांब पुरतात. खांब लाकडी, नीट तासलेले. द्राक्षबागेतले जुने लोखंडी अँगल कोणीतरी फुकट देऊ केले होते, पण खांबावर सूर मारणाऱ्या पोराचं कपाळ फुटलं तर ते फुकट फार महाग पडतं.

द्राक्षांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. ऑक्टोबरची छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबंच्या कुटुंबं कामाला खाली उतरतात. पेठ फाट्यावर सकाळी मजूर उभे असतात, बागाईतदारांच्या पिकअप येतात, एकरावर उक्तं ठरतं आणि गाड्या दिंडोरीच्या, निफाडच्या दिशेने जातात. काही कुटुंबं आमच्या मैदानामागच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकचा कागद टाकून राहतात. त्यांची मुलं मार्चपर्यंत आमची असतात. गावच्या शाळेच्या पटावर नाव, इथल्या शाळेत नाही. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड म्हणून सरकारी सोय आहे. ते कार्ड घेऊन आलेलं मूल मला अजून भेटायचंय.

आमच्या खेळात पंच नसतो. ही कल्पना आमची नाही. कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये १९९४ साली फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबारचा खून झाला. विश्वचषकात त्याच्याकडून स्वयंगोल झाला होता. त्यानंतर तिथल्या गल्ल्यांत काही लोकांनी वेगळ्याच नियमांनी फुटबॉल सुरू केला. मुलं-मुली एकत्र, पहिला गोल मुलीनेच करायचा, पंच नाही. आधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग पुन्हा बसून कोण कसं वागलं ते बोलायचं, आणि त्या वागण्याचे वेगळे गुण. आपल्याकडे नागपूरची स्लम सॉकर ही संस्था असा फुटबॉल खेळवते. आम्ही तेच खो-खोला लावलं. नऊ जणांत किमान चार मुली हव्यात, हा एकच नियम आमचा. बाकीचे मुलांनी ठरवायचे.

त्या रविवारी शेजारच्या वस्तीचा संघ आला होता. सात-सात मिनिटांच्या पाळ्या. शेवटची आक्रमणाची पाळी आमच्या पोरांची होती, आणि ती सुरू व्हायच्या आधी पुसट झालेली मधली पाटी, बसणाऱ्यांच्या आठ चौकोनांसकट, मी स्वतः परत आखली. फक्की मारण्यात मी कोणाचं ऐकत नाही. दोरी ताणून, डबा तळहाताएवढ्या उंचीवरून धरून मारली तरच रेघ बारीक येते. आमची पोरं सुंदर खेळली. कप्तान तर उभ्या पळतीला, म्हणजे पळणाऱ्या गड्याला, अशी हूल द्यायचा की समोरचा स्वतःहून त्याच्या हातात यायचा. दोन गुणांनी जिंकलो. टाळ्या, आरडाओरड.

मग रिंगण करून बसलो. पाहुण्या संघाने आमच्या पोरांना वागणुकीचे पूर्ण गुण देऊन टाकले. शिवी नाही, ढकलाढकली नाही, बाद झालेला गडी मुकाट बाहेर गेलेला. उठायची वेळ झाली तेव्हा कडेला बसलेली एक मुलगी म्हणाली, "माझा चौकोन बघा."

मुलं तिला बारकी म्हणत. सुरगाण्याकडची, बारा-एक वर्षांची, दिवाळीनंतर आलेली. तोवर ती रिंगणात कधी बोललेली नव्हती.

आम्ही पाटीपाशी गेलो. सात चौकोन पायांनी मळून गेलेले, रेघ कुठली नि माती कुठली कळत नव्हतं. तिसरा चौकोन तेवढा जसाच्या तसा. चारी कडा पांढऱ्या, आत दोन पावलांचे ठसे, तेही तिचेच.

ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी: पाटीवर आठ जण एकाआड एक उलट तोंड करून बसतात, नववा पळतीच्या मागे धावतो. धावणाऱ्याने पाठीला हात लावून 'खो' म्हटल्याशिवाय बसलेल्याला उठता येत नाही. उठला तर फाऊल. खो देणारा त्याच्या जागी बसतो. म्हणजे ज्याला खो मिळतो त्याच्या चौकोनात दुसऱ्याचे पाय पडतातच. बारकीच्या चौकोनात कोणाचेच पडले नव्हते. सात मिनिटं ती ओणवी, कान मागे लावून बसून होती, आणि मी, आयुष्यभर हा खेळ बघणारी, पळतीकडे बघत होते. बसलेल्यांकडे कोणीच बघत नाही. वर्तमानपत्रातसुद्धा किती मिनिटं संरक्षण आणि किती गडी बाद, एवढंच छापून येतं.

कप्तान चिडला. "ती उठायला वेळ लावते ताई. पळती समोर असताना तिला दिला तर गडी गेलाच."

"मग बसवलीस कशाला?" पाहुण्यांतल्या एका मुलीने विचारलं.

"नऊ भरायला."

त्याने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. हिशेब सांगितला. चार मुली हव्यात हा नियम माझा, त्याने तो पाळला. आमच्या त्या महिन्याच्या अहवालातही मुलींचा सहभाग ४४ टक्के असा गेलाय. नवात चार. ती टक्केवारी वाचून देणगीदार खूश होतात, आणि त्यांना खूश करण्यासाठी मुलींची डोकी मोजण्यापलीकडे कोणी जात नाही. फॉर्ममध्ये 'किती जणी आल्या' हा रकाना आहे, 'किती जणींना खो मिळाला' हा नाही.

पुढची चर्चा सामन्यापेक्षा कितीतरी जास्त चालली. आमच्या नव्या सहकाऱ्याने पिशवीतून लिंगभाव समानतेचा तक्ता काढायला सुरुवात केली, त्याला मी डोळ्यांनीच थांबवलं. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलांना गप्प बसायला कोणी शिकवत नाही. अशा वेळी मोठ्या माणसाने एक वाक्य बोललं की मुलं त्याला हवं ते उत्तर देऊन मोकळी होतात. अंधार पडला, आया हाका मारायला लागल्या. शेवटी ठरलं ते असं: एका पाळीत बसलेल्या प्रत्येकाला एकदा तरी खो मिळालाच पाहिजे, जितके राहतील तितके गुण वजा. नाव पडलं 'सगळ्यांचा खो'.

या नियमाने खेळ मला वाटला होता त्यापेक्षा जास्त बदलला. पळणारे हुशार, ते राहिलेल्या गड्याच्याच आसपास घोटाळायचे. त्यामुळे कच्च्या गड्यांना तयार करणं भाग पडलं, आणि ते कप्तानानेच अंगावर घेतलं. बारकी उठायला वेळ का लावते, हे त्याच्याच लक्षात आलं. ती पूर्ण टाचा टेकवून बसायची. विरळणीचे दिवस होते. कागदोपत्री ती आईचा डबा घेऊन बागेत जायची, प्रत्यक्षात मांडवाखाली हात वर करून दिवसभर घडातले मणी कापायची, सुट्टीच्या दिवशीही दुपारपर्यंत. संध्याकाळी पाय उरतच नव्हते. त्याने तिला बसणं शिकवलं: एक पाऊल पुढे, मागची टाच उचललेली, बोटं जमिनीला नुसती टेकलेली, भार पुढच्या गुडघ्यावर. हात पाठीला लागतो तेव्हा अंग आधीच सुटायच्या बेतात हवं. मान वळवायची नाही. आवाज कुठून आला यावरून पळती कुठे आहे ते ओळखायचं. मी प्रशिक्षण शिबिरांतून भल्याभल्यांना हे सांगताना ऐकलंय, पण या पोराने ते ज्या चिकाटीने सांगितलं तसं क्वचित.

बारकी फार मोठी खेळाडू झाली, असं काही नाही. दोनचार गडी तिने बाद केले. फेब्रुवारीत तिच्या घरच्यांना निफाडकडे काम मिळालं आणि पाल उठलं. त्याच्या थोडं आधी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कप्तान, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. वस्तीत एकदम भाव आला खो-खोला. आजवर पोरांना मैदानातून ओढून नेणारे बाप विचारायला लागले, दहावीला वाढीव गुण किती, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण खरं का.

आणि मग पावसाळ्यात महापालिका स्तरावरच्या शालेय स्पर्धा आल्या. चौदा वर्षांखालील मुलं. कप्तान शाळेच्या संघातही कप्तान. शेवटचं अर्धं मिनिट, एका गुणाची पिछाडी, पळती समोर. सहाव्या चौकोनात शाळेतला सगळ्यात चपळ मुलगा पाठ करून बसलेला. कप्तानाने खो दिला तो चौथ्याला. जाडसर, धापा टाकणारा मुलगा, आमच्याच वस्तीतला. पळती निसटला, शिट्टी झाली.

क्रीडाशिक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुला दिसत नव्हतं का? कप्तान म्हणाला, "त्याला अख्ख्या पाळीत मिळाला नव्हता." मग सरांचा मला फोन. त्यांचं म्हणणं होतं, तुमचे प्रयोग वस्तीत करा, माझ्या पोरांचं वर्ष घालवू नका. मला राग आला, पण त्यांच्यावरही वरून निकालाचं ओझं असतं, हे मी जाणते. पुढची फेरी हुकली की प्रमाणपत्र हुकतं.

माझी जुनी सहखेळाडू आता क्लबात शिकवते. ती म्हणाली, "आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने बरोबरच्या सगळ्यांना घेऊन पळायचं ठरवलं असतं, तर २०१० ला राष्ट्रकुलचं पदक आलं असतं का?" मी म्हटलं, दहा हजार मीटरमध्ये कोणी कोणाच्या हाताची वाट बघत बसलेलं नसतं. ती म्हणाली, हे भाषण ठीक आहे, पण पोरगा हरला ना? हो, हरला. त्याला तू शिकवलंस त्यामुळे हरला? त्यावर मात्र मी नाही म्हटलं, कारण मी शिकवलेलं नव्हतं, त्यांनीच ठरवलेलं होतं. ती हसली. एवढी चलाखी तुला मैदानावर कधी सुचली नाही, म्हणाली.

मला छळतोय तो मात्र तिचा किंवा सरांचा मुद्दा नाही. तो चौथ्या चौकोनातला मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, मला नको होता तो खो. सगळ्या शाळेला कळलं माझ्यामुळे गेलं."

आता नवा हंगाम तोंडावर आहे आणि कप्तानाने नियमात दुरुस्ती मांडली आहे: पहिल्या चार मिनिटांत सगळ्यांना खो देऊन घ्यायचा, मग शेवटची तीन मिनिटं मोकळी. नव्या सहकाऱ्याला हे अजिबात मान्य नाही, त्याच्या मते ही पळवाट आहे. मला ती खेळाडूची अक्कल वाटते. जाडसर मुलाचं म्हणणं तिसरंच: ज्याला खो नको असेल त्याने बसतानाच हात वर करून सांगावं. मुलींनी त्याला लगेच उडवून लावलं, कारण मग पहिल्या दिवशी कोणाकोणाला हात वर करायला लावतील, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. कप्तान आणि तो अजून एकमेकांशी बोलत नाहीत. येत्या रविवारी दोघं एकाच संघात आहेत, आणि नियमांची चर्चा त्या दोघांनीच सुरू करायची आहे.