एक पॅकेज, तीन आर्किटेक्चर: कंपायलरचे फ्लॅग ठरवताना

आकडेमोडीची एक सी++ लायब्ररी डेबियन या लिनक्स वितरणासाठी पॅकेज करायची होती, एएमडी६४ (६४-बिट एक्स८६), आर्म६४ (६४-बिट आर्म) आणि आर्मएचएफ (३२-बिट आर्म) या तिन्ही प्रकारच्या प्रोसेसरवर. सर्वांत आधी मूळ बिल्ड फाइलींमधून ‘-मार्च=नेटिव्ह’ हा फ्लॅग (कंपायलरला दिलेला पर्याय) शोधून काढून टाकला. बिल्ड ज्या मशीनवर चालतो, तिथल्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं हा फ्लॅग वापरतो. स्वतःपुरतं ते उत्तमच. पण तीच बायनरी (तयार झालेला प्रोग्राम) जुन्या प्रोसेसरवर गेली की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडते. बिल्ड सर्व्हर बदलला की बायनरीही बदलते, मग आलेली तक्रार तपासणंही अवघड. पॅकेजचे फ्लॅग त्या आर्किटेक्चरच्या किमान प्रोसेसरसाठीच हवेत, यात मी तडजोड करत नाही.

एएमडी६४ वर ही किमान पातळी एसएसई२ पर्यंत आहे (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणारा सूचनासंच). आर्म६४ वर निऑन (आर्मचा तसाच सूचनासंच) गृहीत धरता येतं, आर्मएचएफवर मात्र नाही. तिथे व्हीएफपीव्ही३-डी१६ (दशांश आकडेमोडीचा साधा सूचनासंच) वरच थांबावं लागतं. ‘आर्म दिसलं की निऑन लाव’ अशी ओळ बिल्ड स्क्रिप्टमध्ये असेल तर ती काढा. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची पातळी) डेबियनच्या नेहमीच्या -ओ२ वरच ठेवलं.

आर्मवर साधा ‘कॅर’ (सी++ मधला एका बाइटचा प्रकार) बिनचिन्हाचा असतो, एक्स८६ वर चिन्हासह. तक्त्यात साठवलेला -१ आर्मवर २५५ म्हणून वाचला जातो. ‘-एफसाइन्ड-कॅर’ने काम भागतं, पण कोडमध्येच ‘साइन्ड कॅर’ लिहिणं केव्हाही बरं.

आर्म६४ वर काही चाचण्या शेवटच्या अंकांत अडल्या. तिथे गुणाकार-बेरीज प्रोसेसरच्या एकाच सूचनेत करण्याची सोय मुळातच आहे, आणि जीसीसी हा कंपायलर आपणहून ती वापरतं. दोनऐवजी एकदाच राउंडिंग होतं, म्हणून उत्तर सहसा जास्त अचूकच येतं. अशा चाचण्यांना थोडी मुभा दिली की पुरे. धोका आहे तो ‘अ×अ − ब×ब’सारख्या ओळीत. दोन्ही संख्या सारख्या असल्या तरी एकच गुणाकार राउंड होतो, शून्याऐवजी बारीकशी ऋण संख्या उरू शकते, आणि पुढे वर्गमूळ काढलं की नॅन (‘संख्या नाही’ असं उत्तर). तेवढ्या फाइलला हे एकत्रीकरण बंद करणारा ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ लावला.

वेगासाठी एव्हीएक्स२ (नव्या एक्स८६ प्रोसेसरवरचा जास्त ताकदीचा सूचनासंच) ची आवृत्ती हवीच होती. वेगळ्या फाइलला ‘-एमएव्हीएक्स२’ लावायचं आणि प्रोग्राम चालू होताना प्रोसेसर पाहून आवृत्ती निवडायची, ही रूढ पद्धत. तिच्यात एक सापळा आहे. त्या फाइलने हेडरमधलं एखादं इनलाइन फंक्शन किंवा टेम्प्लेट वापरलं आणि कंपायलरने ते जागेवर उलगडलं नाही, तर त्याची एव्हीएक्स२ वाली प्रत ऑब्जेक्ट फाइलमध्ये (त्या एका फाइलच्या कंपाइल झालेल्या कोडमध्ये) उतरते. तशाच नावाची साधी प्रत दुसऱ्या फाइलमध्येही असते. लिंकर (ऑब्जेक्ट फाइली जोडणारा प्रोग्राम) दोहोंतली एकच ठेवतो, सहसा आधी भेटलेली. ती एव्हीएक्स२ ची निघाली तर निवड करणारा कोड बिनचूक असूनही जुन्या मशीनवर प्रोग्राम पडतो. फाइलींचा क्रम बदलला की दोष गायबही होतो, म्हणून तो पकडणं जिकिरीचं. या फाइलच्या ऑब्जेक्टवर ‘एनएम -सी’ (आतल्या नावांची यादी देणारी आज्ञा) चालवून डब्ल्यू खुणेची, म्हणजे अशी दुहेरी होऊ शकणारी, नावं पाहावीत, एकही नसावं. मी त्या फाइलमधून स्टँडर्ड लायब्ररीचे टेम्प्लेट काढले आणि मदतनीस फंक्शनं ‘स्टॅटिक’, म्हणजे त्या फाइलपुरतीच, केली.

सगळी लायब्ररीच दुसऱ्यांदा एक्स८६-६४-व्ही३ (एव्हीएक्स२ असलेली पातळी) साठी बिल्ड करून ‘जीलिबसी-एचडब्ल्यूकॅप्स’च्या फोल्डरमध्ये ठेवण्याचाही मार्ग आहे. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ पासून लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी आणणारा भाग) योग्य प्रत स्वतः निवडतो. पण पॅकेज जवळपास दुप्पट होतं; दोन-तीन लूपसाठी ते परवडत नाही.

शेवटी क्यूएमू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) च्या यूजर मोडमध्ये ‘-सीपीयू नेहालेम’ देऊन सगळ्या चाचण्या चालवल्या. या मॉडेलला एव्हीएक्स येत नाही, त्यामुळे चुकून आत आलेली सूचना तिथेच अडते. नेहालेमला एसएसई४.२ येतं, म्हणून त्याहून जुन्या प्रोसेसरसाठी ‘ऑप्टेरॉन_जी१’वरही त्याच चाचण्या चालवाव्यात. प्रोग्राम पडलाच तर जीडीबी या डीबगरमध्ये ‘एक्स/आय $पीसी’ टाइप करा. नेमकी कुठली सूचना अडली ते दिसतं, आणि ‘बीटी’ने ती कोणत्या फंक्शनमधली आहे तेही.