काम अर्धवट का सोडलं?

लग्नात, दहाव्याला, एसटी स्टँडवर, कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारे बहुतेक आत्याच्या गावचे, नाहीतर त्या गावाशी सोयरीक असलेले. तिथल्या नळपाणी योजनेचा ठेकेदार मी. टाकी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी आहे, वस्तीकडे जाणारा चर कुठं थांबला तेही त्यांना ठाऊक आहे. विचारतानाच मनात उत्तर तयार असतं: पैसे वरून आले आणि यानं खाल्ले. वर्षभर मी 'बिल निघालं नाही' एवढंच म्हणत आलो. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही.

आधी बिलाचं. जल जीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळानं पाणी द्यायच्या योजनेत, आपल्या राज्यात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. केंद्राचा हप्ता येतो, राज्य आपला हिस्सा घालतं, तो खर्च झाल्याचा दाखला वर जातो, मग पुढचा हप्ता. एक कडी अडकली की तालुक्यातला सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलेला माझ्यासारखा माणूस फाईल घेऊन बाकड्यावर बसतो. माझं तिसरं बिल सप्टेंबर 2024 मध्ये मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाच्या सरकारी नोंदवहीत, चढलं. 34 लाख. सह्या झाल्या, तपासणी झाली. 'निधी उपलब्ध नाही' हे तीन शब्द तेव्हापासून ऐकतोय.

निधी नाही कसा? 23 जुलै 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशनसाठी 70,163 कोटी ठेवले होते. पेपरातलं ते कात्रण मी पाकिटात ठेवलं होतं. पाईपवाल्याकडे उधारी वाढवून मागायला गेलो तेव्हा तेच त्याच्या टेबलावर उलगडलं. म्हटलं, शेठ, दिल्लीनं पैसे ठेवलेत, आपल्यापर्यंत यायलाच वेळ. त्यानं माल दिला.

1 फेब्रुवारी 2025 ला त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आला: 22,694 कोटी. म्हणजे ठेवलेल्यातले दोन तृतीयांश दिलेच जाणार नव्हते. मिशनची मूळ मुदत 2024 पर्यंतची, केंद्रानं मंजूर केलेला 2 लाख 8 हजार कोटींचा वाटा संपत आलेला, आणि पुढे खर्च करायचा तर मंत्रिमंडळाची नवी मंजुरी हवी होती. आकडा अर्थसंकल्पात होता, तो सोडायची परवानगी नव्हती. हे मला तेव्हा कळत नव्हतं. अर्थसंकल्पात लिहिलं म्हणजे पैसे आले, असंच मी धरून चाललो होतो. त्याच दिवशीच्या भाषणात मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली, पुढच्या वर्षाला 67,000 कोटी ठेवले. आत्याच्या गावच्या ग्रुपवर 67,000 चा आकडा दिवसभर फिरत होता. 22,694 चा कुणी पाठवला नाही.

पाईपवाल्याचा मुलगा सीए आहे. त्यानं वाचला. चौथ्या दिवशी फोन आला: 'जे जमिनीत घातलं ते गेलं. वर पडलेला माल परत आणून टाका.'

वर पडलेला माल म्हणजे वस्तीच्या लाईनीची तेरा बंडलं. पन्नास-पन्नास मीटरची, 75 मिलिमीटरची काळी एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकची पाईप. ती आत्याच्या गोठ्यात होती. उघड्यावर ठेवली तर पोरं कापून नेतात, म्हणून मीच तिच्याकडे टाकली होती. तिनं शेळ्या बाहेर पत्र्याखाली बांधल्या, बंडलांवर जुनी ताडपत्री घातली आणि ती उडू नये म्हणून वर कडबा रचला.

आता जे लिहितोय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फेब्रुवारीत त्या गावात माणसं नसतात. दिवाळीनंतर टोळ्या ऊस तोडायला जातात, त्या कारखाना बंद झाल्यावरच परततात. मागं म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. मला हे माहीत होतं, आणि म्हणूनच मी तो आठवडा निवडला. गडी माणसं असती तर टेम्पो गावाबाहेर जाऊ दिला नसता.

पहाटे गेलो. दोन पोरं बरोबर होती. आत्या चुलीपुढं होती. काय करायला आलोय ते तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. चहा दिला. मग उठून गोठ्यात गेली आणि कडबा स्वतः उतरवायला लागली. पेंढी उचलायची, भिंतीला लावायची, परत यायचं. मी म्हटलं राहू दे, पोरं काढतील. ऐकलं नाही. सत्तरीची बाई. ताडपत्रीची घडी घालून तिनं ती कोनाड्यात ठेवली.

सात बंडलं चढली तोवर शेजारच्या चार म्हाताऱ्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, 'कुठं न्यायलास रं?' मी म्हटलं, दुसरी आणायचीत, ही बदलायचीत. खोटं बोललो. आत्यासमोर बोललो.

शेवटचं बंडल चढल्यावर ती म्हणाली, 'पाईप ने बाबा. पण तेवढा तो नळ बी काढून ने. रोज बघू वाटंना.'

अंगणातला तो नळ मीच बसवलेला. सिमेंटचा ठोकळा, त्यावर उभा पाईप, पितळी तोटी. चाचणीच्या दिवशी टँकरचं पाणी लाईनीत सोडलं होतं तेव्हा दहा मिनिटं त्याला धार होती. तिनं तोटीला हळदकुंकू लावलं होतं, मी फोटो काढला होता. तो फोटो कागदपत्रांत गेला आणि तिचं घर नळ असलेल्या घरांत मोजलं गेलं. त्या दिवशी वाकून बघितलं तर तोटीच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलं होतं. माती वाळून दगड झालेली. खिशातल्या टेम्पोच्या किल्लीनं ती खरवडून काढली. नळ काढला नाही. तसाच टेम्पोत बसलो.

आता माझी बाजू. ती पाईप मोजमापात चढलेली नव्हती, तिचा एक रुपया मला मिळालेला नव्हता. कायद्यानं ती माझी, आणि खरं तर पाईपवाल्याची. टाकी, विहीर, विहिरीतलं पाणी टाकीत चढवणारी दीड किलोमीटरची ऊर्ध्ववाहिनी, गावठाणातली लाईन मी पूर्ण केली आहे. राहिलंय ते पंप, विजेची जोडणी आणि वस्तीची 640 मीटर लाईन. बायकोचे दागिने गहाण आहेत, जेसीबीवाल्याचे दोन लाख आहेत. खाल्ले असते तर हे असं असतं का?

पण तुम्ही विचारलंत म्हणून उलटही सांगतो. मी निविदा नऊ टक्के बिलो, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा कमी दरानं भरली होती. काम हातचं जाईल या भीतीनं. त्या नऊ टक्क्यांत चार महिन्यांचा दम गेला. कातळ लागला तिथं दोनशे मीटर लाईन तीन फुटांऐवजी दोन फुटांवर घातली. अशी कामं सगळीकडे झाली असतील, तर 'आधी तपासू, मग पैसे देऊ' म्हणणारा दिल्लीतला माणूस चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. एवढंच म्हणतो, ज्याचं काम तपासून झालं होतं त्याचंही थांबलं. आणि जे थांबलं त्याला कुणी कपात म्हटलं नाही, मुदतवाढ म्हटलं.

2022 मध्ये कार्यारंभ आदेश हातात आला तेव्हा मी बायकोला सांगितलं होतं, सरकारचा पैसा उशिरा येतो, बुडत नाही. वडील हेच म्हणायचे. त्या वेळच्या माझ्याशी मी रात्री भांडतो. तो म्हणतो, थांब, येईल. मी म्हणतो, उशीर व्याजानं मोजायचा असतो रे, तुला कुणी सांगितलं नव्हतं. मग तो विचारतो, पाईप परत केली नसतीस आणि पुढच्या महिन्यात बिल निघालं असतं तर? माझ्याकडे उत्तर नसतं. बिल अजून निघालेलं नाही, म्हणून मी बरोबर ठरतो का, तेही कळत नाही.

दर पंचमीला आत्याला आणायला मुराळी म्हणून मीच जायचो. यंदा धाकट्या भावाला पाठवलं. ती आली, दोन दिवस राहिली, झोक्यावर पोरींना ढकललं. पाण्याचं काही बोलली नाही. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, 'गोठ्यातली जागा तशीच ठेवलीय रं. शेळ्या अजून भाईरच बांधते.'