वखवख: थाळनेरच्या तलवारीतला राक्षस

मागच्या नोंदीच्या शेवटी ही तलवार आमच्या खेळातल्या फायटरच्या (लढवय्या पात्राच्या) हाती लागली होती. ती आल्यापासून खेळाचा तोलच बदललाय, म्हणून आजची नोंद फक्त तिच्यावर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आमचं टेबल जळगावचं, खेळ डी अँड डी (पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट खेळायची) आणि तो चालवणारा मी, नियम पाचव्या आवृत्तीचे, आणि कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) इ. स. १६०१ च्या खानदेशातलं. त्या वर्षी जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती गेला आणि दोनशे वर्षांहून जुनी फारुकी सत्ता संपली. फौजा पांगल्या, कोठारं उघडी पडली. अशा धामधुमीत थाळनेरच्या किल्ल्यातून एक तलवार कोणीतरी उचलून न्यावी, हे मला अगदी पटण्यासारखं वाटलं. टेबलावर तिचं नाव पडलंय वखवख.

आता आत कोण आहे ते. मला बाहेरून आणलेला डीमन नको होता. आपल्याकडे एरंडोल आहे की! एरंडोल म्हणजेच एकचक्रा असं परंपरेने मानतात. गावात पांडववाडा आहे, आणि पद्मालयाजवळ भीमकुंड दाखवतात. महाभारतात बकासुराचा ठरलेला वाटा असा: गाडाभर भात, दोन रेडे, आणि ते घेऊन येणारा माणूस. बकाला मारल्यावर भीम त्याच्या गोतावळ्याला सोडून देतो, पण यापुढे माणसांना मारणार नाही असं कबूल करून घेऊन. माझं सगळं लक्ष या कबुलीवर गेलं. वाटा बंद झाला, भूक तशीच राहिली. त्या गोतातला एक जण पुढे या पोलादात बांधला गेला. कोणी बांधला ते इथे लिहीत नाही, आमचे प्लेअरही हे वाचतात.

पाचव्या आवृत्तीत डीमन म्हणजे केऑटिक इव्हिल (दुष्ट आणि बेबंद), शब्द पाळणं त्याच्या रक्तातच नाही. माझा राक्षस मात्र दिलेल्या शब्दाने जखडलाय, म्हणून त्याला लॉफुल इव्हिल (दुष्ट, पण नियमाला बांधलेला) केलं. त्याच पुस्तकांमधला ‘रक्षस’ नावाचा प्राणीही लॉफुल इव्हिलच आहे, तेव्हा हे अगदी परकं नाही. माझ्या मते कुठल्याही बांधलेल्या राक्षसाचा जीव त्याच्या बंधनाच्या शब्दांत असतो. ते शब्द पक्के ठरले नाहीत, तर आपल्याकडे उरते फक्त बोलणारी प्लस वन (फाशावर एक जास्त देणारी) तलवार.

आकडे सांगतो. बुद्धी १२, विज्डम (शहाणपण) १०, करिष्मा (छाप पाडण्याची ताकद) १६. एरवी बोलणाऱ्या वस्तूसाठी चार डी-६ (सहा बाजूंचे फासे) टाकून सर्वांत लहान फासा सोडायचा असतो, पण हा राक्षस मला ठरवूनच हवा होता. ६० फुटांपर्यंत ऐकतो, मनातल्या मनात बोलतो, आणि बोलतो अहिराणीत. तो काय म्हणतो ते मी फायटर खेळणाऱ्याच्या मोबाईलवर पाठवतो. तो खेळाडू मोबाईल उलटा ठेवून गप्प बसला की बाकीच्यांना कळतंच काय चाललंय ते. नुकसान साध्या लाँगस्वोर्डचं, १डी८ (आठ बाजूंचा एक फासा), दोन्ही हातांनी धरली तर १डी१०.

माझी स्वतःची भर म्हणजे भुकेचा फासा. एक लाल डी-६ कायम फायटरच्या शीटवर (पात्राच्या कागदावर) ठेवलेला असतो. तलवारीला जेवण न देता लाँग रेस्ट (पात्रांची रात्रभराची विश्रांती) झाली की तो एकने वर. माणूस सोडून काहीही चालतं: धान्याची गोणी, शिजवलेलं अन्न, शिकार. फासा १-२ वर असेल तर तलवार प्लस वन. ३-४ वर प्लस टू, शिवाय १डी६ नेक्रॉटिक (प्राण शोषणारं) नुकसान. ५-६ वर प्लस थ्री आणि २डी६, पण मग त्याच्या मागणीचा संघर्ष टाळता येत नाही. म्हणजे तलवार जेवढी उपाशी तेवढी कामाची. अपेक्षेप्रमाणे फायटर तिला जेवू घालायचं टाळतो आणि क्लेरिक (पुजारी पात्र) गुपचूप ज्वारी टाकते. या एका फाशावरून टेबलावर जेवढी भांडणं झाली, तेवढी एखाद्या ड्रॅगनवरूनही झाली नसतील.

संघर्षाचा नियम पुस्तकातलाच ठेवलाय. तलवार आणि धारक, दोघांचा करिष्मा चेक, म्हणजे फासा टाकून त्यात करिष्मा धरायचा. तलवार जिंकली तर ती मागणी करते. मागणी नाकारली तर ती आपले गुण झाकू शकते किंवा ताबा घ्यायला बघते. ताब्यासाठी सेव्हचा (बचावाच्या फाशाचा) डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १२ अधिक तिचा करिष्मा मॉडिफायर (करिष्म्यावरून मिळणारी भर, १६ ला ३), म्हणजे इथे १५. हुकलं तर धारक १डी१२ तास तिच्या कह्यात. मार लागला की पुन्हा सेव्ह मिळतो, आणि ताबा मिळो न मिळो, पुढच्या पहाटेपर्यंत ती परत प्रयत्न करू शकत नाही. मी फक्त एक ओळ जोडली: ताब्यात असतानाही धारकाच्या हातून माणसावर वार होणार नाही, कारण राक्षसाचा शब्द तसा आहे.

याची खरी कसोटी या वेळी लागली. श्रावण, तापीकाठचं एक गाव, रविवारी कानबाई (खानदेशातली घरोघरची देवी) बसलेली. भुकेचा फासा ५ वर. सोमवारी सकाळी विसर्जन, नदी फुगलेली, म्हणून छातीभर पाण्यात उतरलेल्यांसाठी काठावरून दोर धरला होता, आणि दोराचं टोक फायटरच्या हातात. पाण्यात गावकरी आणि आमची क्लेरिक. घराकडून वास आला आणि मी मेसेज टाकला: ‘भूक लागनी माले. तो रोट कोना शे?’ (मला भूक लागली, तो रोट कोणाचा आहे?) कानबाईच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे असतात, हे टेबलावर सगळ्यांना माहीत. फायटरने नाही म्हटलं. करिष्मा चेकला तलवारीचे म्हणून माझे २०, त्याचे १२. मग सेव्ह, ९. त्याने दोर सोडला आणि घराकडे चालायला लागला.

रोगने (चोर पात्राने) उडी मारून दोराचं टोक धरलं आणि बाभळीच्या मुळाला वेढा दिला. क्लेरिक वाचली. गावातला एक जण हाती लागला नाही.

तिकडे फायटर दारात पोचला. उंबऱ्यात घरची म्हातारी. आडवं यायला दुसरं कोणीच नाही. तिने विचारलं, ‘तू कोना घरना शे?’ (तू कोणाच्या घरचा?) याला उत्तर देता येईना, तिला ढकलता येईना. प्लस थ्रीची तलवार कमरेला आणि हा हात पसरून तसाच उभा. टेबलावर कोणी हसलं नाही. शेवटी रोगने मागून दगड मारला, एक पॉइंट लागला, नवा सेव्ह १६, सुटला.

मग वाद. क्लेरिक खेळणारीचं म्हणणं, माणूस गेला, शब्द मोडला, बंधन तुटलंच पाहिजे. फायटरवाला म्हणाला, राक्षसाने फक्त जेवण मागितलं, दोराचं नावही काढलं नाही. दोघांचंही मला पटत होतं. मी निवाडा असा दिला: शब्द मोडला नाही, पण गेलेल्या माणसाच्या घराचं देणं राक्षसावर चढलं. इथून पुढे त्या घरातल्या कोणीही त्याला थांब म्हटलं की धारकाला सेव्हवर अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा). दोघी-तिघांनी ते वहीत लिहून घेतलं, म्हणजे वापरणार.

आता पार्टीच्या (पात्रांच्या टोळीच्या) डोक्यात वेगळंच शिरलंय. म्हातारीच्या प्रश्नावरून त्यांनी ठरवलं, की तलवारीला त्या घरचं भाऊबंद करून घ्यायचं. वाटा हक्काचा झाला की वखवख संपेल, असा त्यांचा हिशेब. मला कल्पना फार आवडली आहे आणि मी अडवणार नाही. पुढच्या सेशनआधी नियम लिहितोय: वाटा मिळाला की फासा १ वर, आणि त्या घराचं अन्न खात असेल तोवर तो चढला तरी ३ च्या पुढे जाणार नाही. घरच्यांना मात्र तलवार आपली मानावी लागेल, तीही राजीखुशीने. त्यासाठी पर्स्वेजनचा (मन वळवण्याचा) एक चेक पुरणार नाही, गेलेल्या माणसाच्या घरासाठी पार्टी काय करते ते बघणार.

आणि भाऊबंद म्हटलं की सुतकही आलं. दहा दिवस तलवार निव्वळ लोखंड, ना प्लस वन, ना आवाज. ज्या घरचा माणूस नदीत गेला ते याच म्हातारीचं घर आहे, आणि मुघलांची तुकडी थाळनेरहून निघाल्याची खबर रोगला आधीच मिळाली आहे.